टाकू नयेत अशा वस्तू

इमारतीत सगळे त्यांना हॅलो काकू म्हणायचे. तोंडावर नुसतं काकू, पाठ वळली की हॅलो काकू, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेला. निवृत्त होऊनही कोणी हाक मारली की तोंडातून "ओ"च्या जागी "हॅलो" निघायचं, त्याला त्या तरी काय करणार? आवाज असा खणखणीत, की तळमजल्यावरून बोलल्या तर गच्चीवर कपडे वाळत घालणारीला शब्द न् शब्द कळावा, आणि तरी ओरडल्यासारखं वाटू नये.

नोकरीत त्यांच्या कानावरून काय काय गेलं होतं. जन्म, मरण, भावाभावांची भांडणं, साहेबांच्या लाडीगोडीच्या गप्पा. त्यामुळे कशानं लाजायची सवयच राहिली नव्हती. अपवाद एकाच गोष्टीचा. पाळीला त्या आयुष्यभर "ते" म्हणत आल्या. नवऱ्यापाशी "माझं ते चालू आहे", डॉक्टरीणबाईंपाशी "ते वेळेवर येत नाही". पुढे "ते" यायचंच बंद झालं, तेव्हा हा विषय संपला म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

आणि मग एका रविवारी सकाळी "ते" खालून वर आलं.

झालं असं, की काकांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, संडासात साखळी ओढली आणि पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. शांत माणूस. त्यांनी दार थोडंसं उघडून सांगितलं, "अगं, इथे भरती आलीये." काकू फडकी, बादली, खराटा घेऊन धावल्या, पण पाणी काही कोणाचं ऐकत नव्हतं. तासाभरानं प्लंबर आला. मागच्या चौकातलं चेंबरचं झाकण त्यानं उचललं, लांब सळई आत घातली, ढवळली, ओढली, आणि आकड्याला लागून एक फुगलेला, करडा, जड गोळा बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा.

काकांनी लगेच आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

"वरून कोणीतरी टाकतंय," प्लंबर म्हणाला. "हे पाणी पितं आणि फुगून बसतं. विरघळत नाही. तुम्ही सगळ्यांच्या खाली, म्हणून तुमच्याकडे वर येतं."

"बरं, बघते मी," काकू म्हणाल्या. त्या इमारतीच्या सेक्रेटरीही होत्या. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून.

दुपारी त्या सूचना लिहायला बसल्या. चार कागद फाडले. शेवटी जिन्यातल्या फळ्यावर जी लागली ती अशी: "सर्व रहिवाशांना कळकळीची विनंती. संडासात टाकू नयेत अशा वस्तू टाकू नयेत."

"म्हणजे कोणत्या?" काकांनी चष्मा वर करून विचारलं.

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

कळलं, पण भलत्यांनाच. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली आले आणि मान खाली घालून कबूल झाले, की गेल्या महिन्यात पाळलेला मासा गेला तेव्हा त्यांनी त्याला संडासातूनच निरोप दिला होता. सोनेरी होता, बोटाएवढा. पुरायला जागा कुठे होती? काकूंनी त्यांची समजूत घातली. ते गेले तोच समोरच्या घरातली शिवणकामवाली आली. ती चिंध्या टाकायची नाही, पण दोऱ्यांचा गुंता कधीमधी जायचा. दुसऱ्या मजल्यावरचा, नुकतंच लग्न झालेला नवरदेव दाढीचे केस टाकत होता आणि हे बायकोला सांगू नका म्हणून गेला. एका आजींनी चक्क औषधाच्या गोळ्यांचा हिशेब दिला: कडू लागायच्या त्या आत, बाकीच्या पोटात. रात्री जेवताना काकू म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्येसुद्धा इतकं ऐकलं नव्हतं हो एका दिवसात."

पुढच्या महिन्यात पाणी पुन्हा वर आलं.

आता काका मदतीला धावले. "शब्द लिहायला जमत नाही ना? मी चित्र काढतो." ते मन लावून बसले, पेन्सिलीनं छाया वगैरे दिल्या, पॅडला असतात तसे दोन बाजूंना पंख काढले आणि त्यावर लाल फुली मारली. चित्र फळ्यावर लागलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनी जिन्यात गाठलं. "काकू, विमानाचं काय आहे? गच्चीवरून जातात त्यांच्याबद्दल तक्रार करायची आहे का? आपली सही आहे."

चित्र उतरवलं गेलं. काकांनी ते घडी घालून कपाटात ठेवलं.

मग काकूंनी ठरवलं, घरोघरी जायचं आणि बायकांशीच बोलायचं. पदर खोचला आणि निघाल्या. प्रत्येक दारात त्यांचा तो खणखणीत आवाज इतका खाली यायचा, की समोरची बाई आधी घाबरायची. तिला वाटायचं कोणीतरी गेलं. "नाही हो, ते... आपलं ते असतं ना महिन्याचं... ते संडासात नाही ना टाकत?" बायका शपथेवर नाही म्हणाल्या. शिवणकामवाली हसून म्हणाली, "काकू, मी अजून कापड वापरते. धुते, वाळवते, संपलं." नवरदेवाची बायको मात्र जरा घुटमळली. "मी पॅड नाही टाकत. पण ते बारीक कापसाचं असतं ना, टॅम्पॉन, ते टाकते कधीतरी. एवढंसं तर असतं."

"एवढंसं आत जातं, बाई. माझ्याकडे येईपर्यंत केवढं होतं ते मी बघितलंय."

ती खजील झाली, नाही टाकणार म्हणाली. पण सळईला लागलेले गोळे हे नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे ड्रायव्हिंग स्कूलवाले राहत होते. गाडी शिकवणारा माणूस; घरातही सगळं शिस्तीत. चपला समांतर, वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या. बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेली, घरात ते आणि नववीतली मुलगी. दार त्यांनीच उघडलं. काकूंना एकदम शब्द सुचेना. "जरा बायकांशी बोलायचं होतं," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे बाई कोणी नाही, काकू. पाइपाचंच ना? आमच्याकडून काही जात नाही. कचरा मी स्वतः बघतो. ओला वेगळा, सुका वेगळा. रोज पिशवी उघडून तपासतो, चुकून मिसळलेलं नको."

त्यांच्या मागे टेबलाशी मुलगी अभ्यासाला बसली होती. ती वहीवर इतकी वाकली, की केस शाईला लागले. कान मात्र लालबुंद दिसत होते.

काकूंच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. बाई कोणी नाही म्हणे. बाई समोर बसलीये, आणि बापाला दिसत नाहीये.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "अगं ए, तुला वेळ झाला की खाली ये गं जरा. माझ्या फोनमध्ये अक्षरं बारीक झालीयेत, मोठी करून दे."

ती आली. अक्षरं चुटकीसरशी मोठी झाली. काकूंनी तिला चहा दिला, काकांना भाजी आणायला पाठवलं, भाजी घरात भरपूर असूनही. मग समोर बसल्या. बिस्किटांची बशी पुढे सरकवली, तोच मुलगी कपाकडे बघत म्हणाली, "मीच टाकते."

"हं."

"आमच्या बाथरूममध्ये डबा नाहीये. स्वयंपाकघरातला डबा बाबा उघडून बघतात. पिशवीतून शाळेत न्यावं म्हटलं तर मैत्रिणींना वास आला तर? मग मी दोनदा साखळी ओढते. खाली गेलं की गेलं, असं वाटायचं. तुमच्याकडे येत असेल हे मला माहीतच नव्हतं. ती पहिली सूचना लागली तेव्हा कळलं."

म्हणजे इतक्या मोठ्या इमारतीत सूचनेचा खरा अर्थ एकटीला कळला होता.

"मग पुन्हा का टाकलंस?" काकूंनी विचारलं. रागानं नाही.

"मग कुठे टाकू?"

काकूंना स्वतःचं तेरावं वर्ष आठवलं. आईनं चादरीच्या आड वाळत घातलेली कापडं, आणि कोणी पाहुणा आला की ओलीच उचलून आत न्यायची धांदल. एवढी वर्षं झाली, दुकानात पुडकी आली, नाना कंपन्या आल्या, आणि ही पोर अजून कुठे टाकू विचारतेय.

"बाबांना सांगू का मी?"

"नको," ती घाईनं म्हणाली. "प्लीज, काकू. ते खूप चांगले आहेत. त्यांना वाईट वाटेल."

काकूंनी वचन दिलं. आणि मग त्यांची पंचाईत झाली. दोन दिवस त्या घरात येरझारा घालत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाइपाच्या विषयावर इमारतीची मीटिंग बोलावली.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या. पुरुष जास्त, बायका मागे. पाण्याच्या टाकीची चर्चा झाली, दिव्याची झाली. मग काकू उभ्या राहिल्या. घसा खाकरला. काका सांगतात, की त्या वेळी काकूंचे कान लालबुंद झाले होते. पण आवाज आला तो जुना, ड्यूटीवरचा.

"आपला पाइप सॅनिटरी पॅडनं तुंबतोय. पाळीच्या पॅडनं. टॅम्पॉनसुद्धा नाही टाकायचा. काहीच विरघळत नाही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं, वेगळ्या पिशवीत ठेवायचं, पिशवीवर लाल खूण करायची, म्हणजे कचरा नेणाऱ्या बाईला हातानं उघडून बघावं लागणार नाही. तुम्हीही कोणी उघडायची नाही. आणि प्रत्येक घराच्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा पाहिजे. घरात बाई असो नसो. पाहुणी येते, बहीण येते, तिनं काय डोक्यावर घेऊन जायचं?"

पोस्टमास्तर बुटांच्या नाड्या बघत होते. नवरदेवानं फोन काढला आणि तो बंद आहे हे बघून परत ठेवला. मग मधल्या रांगेतून हात वर गेला. ड्रायव्हिंग स्कूलवाले.

"डबा केवढा घ्यायचा?"

"छोटा चालेल. पायानं उघडणारा असला तर उत्तम."

"खूण कशानं? पेनानं उमटेल का प्लॅस्टिकवर?"

"मार्करनं," मागून शिवणकामवाली म्हणाली. "मी देईन सगळ्यांना, माझ्याकडे आहेत."

एकदा सुरुवात झाल्यावर लोक विचारू लागले. आजींनी तर गोळ्यांचंही तिथेच विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलवाले काकूंच्या दारात. हातात निळा डबा, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"हा चालेल का?"

"चांगला आहे की."

ते जाईनात. "काकू, काल जिना उतरताना एकदम डोक्यात आलं. ती चौदाची आहे. म्हणजे... मी इतके दिवस पिशव्या उघडत होतो." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "तिची आई असती तर मला हे कळलंच नसतं, आणि चाललंही असतं. आता पिशवी कोणी खाली आणायची? मी आणली तर तिला अवघडल्यासारखं होईल का?"

काकूंनी वचन आठवून चेहरा कोरा ठेवला. "मला काय माहीत? तिला विचारा."

"मी विचारू?"

"मग काय मी फोन जोडून देऊ?"

ते हसले, मग गंभीर होऊन वर गेले. पायऱ्यांवर मध्येच थांबल्याचं काकूंना ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा पावलं वाजली.

संध्याकाळी मुलगी स्वतःच सांगायला आली. बाबांनी आधी दहा मिनिटं हवापाण्यावर बोलून घेतलं. मग डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पिशवी तू खाली ने, नाहीतर मी नेतो, तुला हवं तसं, मी उघडणार नाही. आणि दुकानातून काही आणायचं असेल तर नाव लिहून देत जा, मला त्यातलं कळत नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मीच नेईन. पण परीक्षा असली की तुम्ही न्या."

चेंबरचं झाकण त्यानंतर तसंच बंद राहिलं. काकूंचं काम मात्र वाढलं. गच्चीवर एवढं बोलली ही बाई, तर हिला काहीही विचारता येतं, असा इमारतीचा समज झाला. नवरदेवाची बायको पाळी चुकली म्हणून सर्वांत आधी त्यांनाच सांगून गेली. पोस्टमास्तरांनी मूळव्याधीचं विचारलं. काका आतल्या खोलीत जाऊन चित्र काढत बसायचे आणि काकू मोठ्या अक्षरांचा फोन कानाला लावून कोणाला तरी म्हणत असायच्या, "हॅलो. बोला. लाजू नका, मी ऐकतेय."