जिन्यातला बिडाचा खांब

आमच्या बालीगंजच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. जिना चांगला ऐसपैस आहे, पायऱ्या बेताच्या आहेत, आणि कठडा जुना, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक जाड खांब आहे, सगळा कठडा त्याच्याच जिवावर उभा. दुर्गापूजेच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्यांचं लोखंडी कपाट वर चढवताना या खांबावर आदळलं आणि खांब बुडापाशी तडकला. कपाटवाल्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी आईनं नेहमीसारखा त्याच्यावर भार दिला, तो हलला, आणि ती पायरीवर बदकन बसली.

हाड मोडलं नाही. पण त्र्याऐंशीव्या वर्षी जिन्याची एकदा धास्ती बसली की बसली. मी म्हटलं, मी हात धरते, तू चल. ती म्हणाली, "माणसाच्या हातावर माझा भरवसा नाही गं. तू घसरलीस तर दोघी जाऊ. मला कठडा लागतो."

आईचं खाली जाणं म्हणजे काही हवा खायला जाणं नव्हतं. गेली तीस वर्षं संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या बाकावर ती आणि समोरच्या घरातल्या एक आजी बसतात. त्या बंगाली, आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यांना गुडघ्यांमुळे आमचा जिना चढवत नाही आणि कानांमुळे फोनवर बोलता येत नाही. आईला तर बाकावर बसून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची सवय. आता त्या खाली उभ्या राहायच्या, आई बाल्कनीतून हात हलवायची, त्या हात हलवायच्या, की झाली भेट.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. हे गृहस्थ निवृत्त आहेत, गोड बोलतात आणि काहीही करत नाहीत. तीन आठवडे मी त्यांच्या मागे लागले तेव्हा कुठे एक कंत्राटदार आला. अर्ध्या तासात त्यानं वेल्डिंगचा साधा रॉड चरचरवला, वरून लांबीचा लगदा भरला, काळा रंग फासला आणि गेला. मी बाजारातून परतले तोवर सेक्रेटरी नव्या रंगाकडे कौतुकानं बघत उभे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इथे माझी लायकी सांगणं भाग आहे, कारण ती मला सतत सांगावी लागते. फ्लॅटबरोबर मिळालेल्या गॅरेजात मी कधी गाडी ठेवली नाही. बँकेतून निवृत्ती घेतल्यावर तिथे वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि वाइस बसवला. आठ वर्षं मी तिथे लोखंडाशी झटते आहे. पहिल्या वर्षी जोड कमी आणि भोकं जास्त पाडली, हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, पण आज या इमारतीतल्या निम्म्या घरांच्या खिडक्यांचे गज, खुर्च्यांचे पाय, बागेतल्या झारीची मूठ माझ्या हातची आहे. वस्तू न्यायला येतात तेव्हा लोक विचारतात, "कोणाकडून करून घेतलंत?" एस्प्लनेडच्या पलीकडे मी रॉड आणते त्या दुकानातला माणूस आठ वर्षं विचारतोय, "मिस्त्रीनं कोणता नंबर सांगितलाय?" मिस्त्री मीच, असं मी आठ वर्षं सांगते आहे.

तर मी हातोडीनं खांबावर टिचकी मारली. वरच्या मजल्यावरचा खांब खणखणीत वाजतो, हा बद्द वाजला. माठ घेताना आई बोटानं वाजवून बघते, तितकी ती साधी गोष्ट. मी सेक्रेटरींना म्हटलं, "दादा, हे बीड आहे. साधा रॉड याला धरत नाही. आतली चीर तशीच आहे, तुम्ही तिला रंग दिलाय."

"दीदी, तो रोज हेच काम करतो," ते बंगालीत म्हणाले. "तुमचा शौक आहे, छान आहे. शौक गॅरेजात ठेवा." आणि मग हसत, "बर्गी आले की आम्ही घाबरतोच."

हा विनोद मी शाळेपासून ऐकते आहे. कधीकाळी मराठा घोडेस्वार बंगालवर चालून आले, त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि त्यांच्या भीतीनं खणलेला खंदक तिकडे बागबाजारला सुरू व्हायचा. तो बुजून गेला त्याला जमाना झाला, पण मी हातोडी उचलली की यांना तो आठवतो. माझा जन्म या शहरातला, माझं बंगाली सेक्रेटरींच्या सुनेपेक्षा बरं. पण तडकलेल्या खांबाबद्दल बोलायचं नसलं की माझं मराठीपण बरं कामाला येतं.

मी परवानगी मागायची सोडली. पुढच्या बुधवारी दुपारी मशीन जिन्यात नेलं. कंत्राटदाराचा रंग आणि लांबी खरवडली तर खाली चीर जशीच्या तशी. तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चीर घासून रुंद केली आणि निकेलचा रॉड लावला. बिडाचं काम हे सगळं धीराचं काम. इंचभर जोडायचं, गरम असतानाच हातोडीनं हलकं ठोकायचं, हात लावता येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा इंच. शेवटी राख आणि जाड कापड गुंडाळून सकाळपर्यंत विसरून जायचं, कारण घाईनं निवलं की बीड तडकतं. हे सगळं मला पाठ आहे. दुसऱ्या कोणी यातलं काही टाळलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

पण पाच वाजता सेक्रेटरी फिरायला निघतात हे मला माहीत होतं, आणि त्यांच्या नाकासमोर तो खांब खणखणीत वाजवून दाखवायची मला खुमखुमी होती. म्हणून मी थांबले नाही. एकेक इंचाऐवजी लांब जोड ओढले. ते खाली आले तेव्हा राखेत खांब तासभरही राहिला नव्हता. मी कापड ओढून काढलं, म्हटलं, "आता वाजवा."

त्यांनी हात पुढे करायच्या आधीच खांबातून एक बारीक टिंग ऐकू आली. बीड जोडणाऱ्या कोणालाही तो आवाज कळतो. जोडाच्या अगदी कडेनं केसाएवढी नवी चीर गेली होती. सेक्रेटरी नुसते हसले, आणि त्यांना बोलता आलं असतं असं एकही वाक्य मला खोडता आलं नसतं.

घरात आई दाराशीच खुर्चीवर बसून होती. पदर खोचलेला, पायात चपला. "झालं का गं?" मी नाही म्हटलं. तिनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

निकेलचे रॉड संपले होते आणि दुकानात नवा माल पुढच्या बुधवारी यायचा होता. तो आठवडा मी स्वतःवरच चरफडत काढला. बुधवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. बाराला काम सुरू केलं. या वेळी घड्याळ गॅरेजातच ठेवलं. इंच, हातोडी, थांबणं. चारच्या सुमारास शेवटचा टाका मारला, राख घातली, कापड गुंडाळलं आणि वर आले.

साडेचारला समोरच्या घराच्या दारात टॅक्सी उभी राहिली. बाल्कनीतून दिसलं, आजींची दिल्लीची मुलगी सामान चढवत होती. मी धावत खाली गेले. ती म्हणाली, आईला कायमची घेऊन जातेय, एकटीला ठेवता येत नाही, ठरलंच मुळी काल. आजी मागच्या सीटवर बसल्या होत्या, आमच्या बाल्कनीकडे बघत. मी मुलीला म्हटलं पाच मिनिटं थांब, आणि तशीच वर पळाले.

"आई, चल, त्या कायमच्या दिल्लीला चालल्यात. मी कापड काढते, तुला सांभाळून नेते."

आईनं बाल्कनीच्या कठड्यावरचा हात काढला नाही. "किती वेळ झालाय त्याला?"

"पाऊण तास."

"आणि लागतो किती?"

मी दाराकडे वळले.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "परत तडकेल." मग तिनं खाली हात हलवला. आजींनी खिडकीतून हलवला. आई तोंडाभोवती दोन्ही हात धरून काहीतरी ओरडली, बंगालीत, काळजी घे असंच काहीतरी, आणि आजींनी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. टॅक्सी गेली.

सकाळी मी राख झाडली. खांब वाजवला. खणखणीत वाजला. आई मागे उभी होती, तिनं आपल्या बांगडीनं स्वतः एकदा वाजवून बघितला आणि त्याच्यावर सगळा भार टाकला. मग एकेक पायरी उतरत खाली गेली, रस्ता ओलांडला आणि बाकावर बसली, नेहमीच्या डाव्या बाजूला.

सेक्रेटरी बाजारातून येत होते. आईला खाली बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा, माशीमा, उतरलात. म्हणजे शेवटी आमच्याच माणसाला परत बोलावलंत की."

माझ्या तोंडाशी आलेलं मी बोलणारच होते. आईनं हात वर केला.

"हे माझ्या मुलीनं केलंय," ती त्यांना बंगालीत म्हणाली. "चांगलं केलंय. एक आठवडा उशिरा केलंय."