टॉफीत शेंगदाणा होता

शेंगदाणा पोटात गेला की माझा घसा सुजतो. आमच्याकडे भाजीत, चटणीत, सगळ्यात दाण्याचं कूट. म्हणून लग्नाच्या पंगतीत मी नुसता भात खातो आणि मास्तरला माज आलाय असं लोक समजतात.

गेल्या हिवाळ्यात नवापूरच्या स्टँडवर नारळाची टॉफी घेतली. सवयीने वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली. साखर, दूध, नारळ. बस सुटल्यावर तोंडात टाकली. थोड्याच वेळात ओठ जड झाले, जीभ सुजली. कंडक्टरला सांगायला उठलो, तर तोंडून नुसतं बरळणं निघालं. पाय लटपटले आणि मी शेजारच्या बाईच्या अंगावर कलंडलो.

"मास्तर पीसन येल शे!" मागून कोणीतरी हसलं.

सीमेपलीकडे दारूबंदी, म्हणून तिकडचे लोक प्यायला इकडे येतात. त्यामुळे या गाड्यांमध्ये झिंगलेला माणूस नवा नाही. ती बाई माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. तिने नाकाला पदर लावला आणि सरकून बसली. मला तिला सांगायचं होतं, पण जीभ हलेना.

"गाडीत ओकायच्या आत उतरवा याला," कंडक्टर म्हणाला.

नशीब, उतरवलं ते चिंचपाड्याला. तिथल्या रिक्षावाल्याने माझं तोंड पाहिलं आणि थेट दवाखान्यात नेलं. इंजेक्शन मिळालं, जीव वाचला. पण मास्तर पिऊन बसमध्ये पडला, हे शाळेपर्यंत पोचलं.

काही आठवड्यांनी बायकोने मोबाईलवर बातमी दाखवली. कंपनीने तीच टॉफी बाजारातून परत मागवली होती. आत शेंगदाणा होता, वेष्टनावर तो छापलाच नव्हता. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उमेदीने हेडमास्तरांना बातमी वाचायला दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो गुरुजी. कधीकधी होतं असं. आम्ही काय वर कळवणार आहोत?"

कानशिलं तापली. तसाच वर्गावर गेलो.

पालकसभेला ती आई आली. सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं आणि त्या दिवशीचं सांगायला लागलो. टॉफी, सूज, इंजेक्शन. माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं.

"आम्ही कुठं काय म्हणलो गुरुजी?" ती जमिनीकडे बघत म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघाली.

ती मुलगी आता वही दाखवायला येते, तेव्हा टेबलापासून जरा लांबच उभी राहते. मी हात लांब करून वही घेतो.