अकराला उतरलेला भाव

दुकानात साबण घ्यायला गेलो आणि ब्लँकेटांपाशी पाय थांबले. तिथं प्रत्येक फळीला भावाची छोटी काचेची पट्टी असते, तिच्यावर आकडे उमटतात. निळं ब्लँकेट अजून तिथंच होतं. महिन्यामागं बायकोनं ते गालाला लावून बघितलं होतं. तिला थंडी सोसत नव्हती. मी म्हणालो, "सेल लागू दे, मग घेऊ." तिनं नीट घडी घालून परत ठेवलं.

"काका, पाच मिनिटं थांबा," तिथली पोरगी म्हणाली. "अकराला भाव उतरतोय."

"कोण उतरवतं?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरात तारीख न् वेळ दीड महिना आधीच घातलीय. आपोआप होतं."

म्हणजे बायको इथं उभी होती तेव्हाच आजचा दिवस ठरून बसला होता. तिचाही ठरलेला असेल कुठंतरी. तो आधी आला, एवढंच. आणि मी शहाणा तिला थांब म्हणत होतो.

अकरा वाजले. पट्टी मिटली आणि कमी आकडा घेऊन उजळली. आवाजसुद्धा झाला नाही.

"बघा, थांबलात ते बरं झालं," पोरगी म्हणाली. "देऊ ना?"

"नको," मी म्हणालो. "जिला थंडी वाजायची तिला जाळून पंधरा दिवस झाले."