कुंपणालगतचा तेरडा

वरसे गावातील आमच्या वसाहतीत बिल्डरने प्रत्येक बंगल्यापुढे सारखीच हिरवळ लावून दिली होती. माझी मी नियमाने कापून घेत असे. रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना फळ्यावर समास आखल्याशिवाय मी खडू चालवला नाही. अंगणाची कड वाकडी कशी चालेल?

शेजारीण गागोद्याकडची, भातशेतीत वाढलेली. मुलाला इथल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आलेली. तिने आपल्या हिरवळीला कधी यंत्र लावलेच नाही. पहिल्या पावसात टाकळा उगवला, तो तिने भाजीला खुडला. मग निळा केना, लाजाळूचे गुलाबी गोंडे, कुर्डूचे तुरे आणि भाद्रपदापर्यंत कमरेएवढा तेरडा.

मला सलत असे तो हा तेरडा. आमच्याकडे गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. पूर्वी आळीतल्या बायकांना घेऊन मीच नदीकडच्या माळावर जात असे. कोणते रोप घ्यावे, ते कसे धरावे, हे मी सांगावे आणि त्यांनी ऐकावे. माळावर घरे उठली, आणि बायका शेजारणीच्या फाटकातून आत जाऊ लागल्या. त्यांच्यात माझी सूनही. गेल्या वर्षी ती सूप भरून आली आणि म्हणाली, "आई, काकूंकडचा रंग केवढा गडद आहे!" मी तिला मुळांची माती बाहेर धुवायला सांगितले.

यंदा आमची गौर आमच्याच अंगणातून निघावी, असे मी ठरवले. पावसाळाभर यंत्र बंद ठेवले. घरी सांगितले, फुलपाखरांसाठी.

"मशीन बिघडली काय ओ बाई?" शेजारणीने कुंपणावरून विचारले.

विश्रांती दिली आहे, असे मी म्हटले.

गवत वाढले, टाकळाही आला. तेरडा मात्र फक्त तिच्या कुंपणालगतच्या पट्टीत उगवला. कारण मला लगेच कळले. तेरड्याची पिकलेली शेंग स्पर्शानेही फुटते आणि बी दूर उडवते. ते पुढच्या पावसात रुजते. माझ्या अंगणात आजवर शेंग धरण्याइतके काही वाढलेच नव्हते. ही रोपे तिच्याकडून उडालेली होती.

तरी गौरीच्या दिवशी मी सुनेला त्यातलीच काही उपटायला लावली. शेजारीण पाहत होती.

"माझ्याच शेंगा उडाल्या तिकडं," ती हसली.

"बी जिथे रुजते, रोप तिथले," मी वर्गात सांगावे तसे सांगितले.

"व्हय तर. तुमचीच गौर, बाई."

तिने वाद घातला असता तर बरे झाले असते.

सून सूप घेऊन शेजारणीच्याच फाटकाकडे वळली; बाकीच्या बायका तिथे जमल्या होत्या. मी तिला सरळ घरात बोलावले. ती म्हणाली, "आई, गौर एकटीने आणायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मला मागोमाग जावे लागले. शेजारणीने माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, सर्वांच्या मागे, सावलीत. गौरी घेऊन कसे निघायचे ते तीच सांगत होती, आणि बरोबर सांगत होती.

पट्टीतली उरलेली रोपे मी राखली. पाऊस ओसरल्यावर शेंगा टपोऱ्या झाल्या. एका सकाळी त्या ओंजळीत जपून आणल्या, हिरवळीच्या मध्यभागी बसले आणि कुंपणाकडे पाठ करून एकेक फोडली.