टाकायची पानं

पौडच्या एसटी स्टँडजवळ चाचांचं गॅरेज आहे. मी बायबलमधल्या गोष्टी नवशिक्या वाचकांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिते आणि चाचा साठीला आल्यावर इंग्रजी वाचायला शिकतायत. म्हणून माझं प्रत्येक कच्चं पान आधी त्यांच्याकडे जातं. कळलं तर ते "व्हय" म्हणतात. अडलं तर नुसतं नाक खाजवतात आणि मी वाक्य बदलते. पान घेण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. ऑइलचे डाग पडू नयेत म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

परवा एक पान सुधारून नेलं. जुनं त्यांच्याच हातात होतं.

"ते जुनं आता हात पुसायला घ्या, चाचा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, ह्यात वरच्याचं नाव हाय. गॉड एवढं तर मलाबी वाचता येतंय."

त्यांनी ते पान सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. तिथं माझी त्यांच्याकडे राहिलेली जुनी पानं स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेली होती.

बावधनला घरी पोचले आणि आधी दारातले ओले बूट उचलले. लवकर सुकावेत म्हणून सकाळी मीच त्यांत घरातली तसलीच कच्ची पानं कोंबली होती.