दारातले मामा

राजारामपुरीत माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारी एक बार आहे. त्याच्या दारात उभे राहणारे गृहस्थ माझ्या रोजच्या बघण्यातले. नाव कधी विचारलं नाही. सगळेच मामा म्हणायचे. नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरालाही ते अदबीनं म्हणत, "पावणं, कार्ड दावा की." मग कार्ड हातभर लांब धरून जन्मसाल वाचत. पोरगा एकविशीच्या आतला निघाला, की हात जोडून "या की पुढं कधीतरी," एवढंच बोलत.

परवा संध्याकाळी मालकाचा पुतण्या मित्रांना घेऊन आला. वाढदिवस होता, एकोणिसावा. मामांनी हात आडवा धरला. पोरानं त्यांची कॉलर पकडली. रस्त्यावरची माणसं थांबली. मालक बाहेर येऊन ओरडला, "घरचा पोरगा हाय, आत सोड त्याला!"

"घरचा हाय म्हणूनच न्हाई सोडत, मालक."

"मग उद्यापासनं येऊ नगंस."

मामांचा हात चौकटीवरून हलला नाही. शेवटी मालकानंच तो झटकला आणि स्वतः दार उघडलं. पोरं हसत आत गेली. पुतण्या तेवढा उंबऱ्यात घुटमळला. मामांकडे बघायचं टाळत मग तोही गेला.

मामा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं. विचारलं, "आता काय करणार, मामा?"

चुरगळलेली कॉलर सारखी करत ते म्हणाले, "बघू. दार म्या उघडलं न्हाई, एवढं बास हाय."