गाडीत दोष आहे

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे गॅरंटीकाका म्हणायचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वाचत नसे. एका जपानी कंपनीच्या गाड्या विकण्यात त्यांचा जन्म गेला. शोरूममध्ये गाड्या धुण्यापासून सुरुवात केली आणि विक्रीचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. गिऱ्हाईक कितीही चिकट असो, काका बॉनेटवर तळहात ठेवून म्हणायचे, "ही तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही. माझी गॅरंटी." कंपनीची गॅरंटी कागदावर असायची, पण लोक गाडी घ्यायचे ती काकांच्या शब्दावर. मीही तशीच घेतली.

या गाड्या आमच्याकडे नव्यानं आल्या तेव्हा लोक हसायचे. दार लावलं की पोकळ आवाज यायचा, म्हणून त्यांना पत्र्याचा डबा म्हणायचे. ज्यांच्याकडे जुन्या, जड, रणगाड्यासारख्या मोटारी होत्या ते शोरूमच्या काचेतून नुसते डोकावून पुढे जायचे. शिकवायला आलेल्या एका जपानी साहेबानं दुभाष्यामार्फत काकांना कंपनीचा इतिहास सांगितला होता. तो काकांनी तोंडपाठ केला. मालक आधी हातपंप बनवायचा. लढाईत कारखाना जळाला. उरल्यासुरल्या लोखंडातून त्यानं सामान वाहायच्या तीनचाकी गाड्या केल्या आणि मग मोठ्या उमेदीनं पहिली मोटार काढली. ती सपशेल आपटली. चढ लागला की इंजिन तापून बंद. तेव्हा तो म्हातारा स्वतः एकेका गिऱ्हाइकाच्या दारात गेला, कमरेत वाकून त्यानं माफी मागितली आणि गाड्या परत नेल्या. त्यानंतर पुन्हा तशी पाळी येऊ दिली नाही. यात खरं किती आणि काकांचं तिखटमीठ किती, हे कुणी विचारलं नाही. गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे गेलेला असायचा.

गाडी विकली की संबंध संपला, असं काकांचं नव्हतं. दिलेल्या घरी मुलगी नीट नांदतेय ना हे बघावं, तसे ते अधूनमधून फोन करायचे. गाडी काय म्हणते, कुठं कुरकुर नाही ना, तुम्ही समाधानी आहात ना. लोकही समाधानी होते. डबा म्हणून हसणाऱ्यांच्याच मुलांनी पुढे काकांकडून गाड्या नेल्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकांचा मेंदू दगा देऊ लागला. आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग ते रोज सकाळी टाय लावून, स्वतःची जुनी गाडी काढून शोरूमला निघू लागले. शोरूम तिथून कधीच उठलं होतं, त्या जागी आता सोफे-पलंगांचं दुकान होतं. दुकानदार भला होता, त्यांना एका खुर्चीत बसू द्यायचा. पण एकदा ते दुकानापर्यंत पोचलेच नाहीत. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला तेव्हा ते दुसऱ्याच शहरात, पेट्रोल पंपावर, आपण कुठून आलो ते आठवत उभे होते. काकूंनी तेव्हा पहिल्यांदा गाडीला शिव्या घातल्या. दुसऱ्या कुठल्याही गाडीनं एव्हाना मान टाकली असती, म्हणाल्या, ही मेली सुरूच होते.

त्यात खोटं काही नव्हतं. गाडी बावीस-तेवीस वर्षांची, रंग उडालेला, पण किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. मग एक दिवस काकांनी ती शाळेच्या फाटकासमोर फुटपाथवर चढवली. शाळा नुकतीच सुटलेली होती. पाटीचा खांब आडवा झाला, एका बाईची सायकल चेपली, बाई बाजूला उडी मारून वाचली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आजपासून गाडी बंद.

सांगणं सोपं होतं. घरात काकू आणि मुलगी. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला, लग्न मोडल्यावर आईवडिलांकडे परत आलेली. तिला इमारतीत सगळे ताई म्हणतात. ताईनं किल्ली लपवली, तर काका किल्लीवाल्याकडून नवी करून घेऊन आले. तोही त्यांचंच जुनं गिऱ्हाईक, त्यानं मोठ्या मानानं करून दिली. ताईनं गाडी विकायला काढली. बघायला माणूस आला, तर काकांनी त्याला हातपंपापासून सगळा इतिहास ऐकवला, इंजिन ऐकवलं, डिकी उघडून दाखवली. माणूस हो म्हणाला, तेव्हा काका म्हणाले, "ही नाही, ही माझी आहे. तुम्ही शोरूमला या, नवी देतो." तो माणूस हसत गेला. ताई मात्र जिन्यात बसून रडली, मी पाहिलं. कामावर असताना फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. आज बाबांनी कुणाचं मूल चिरडलं का, एवढंच मनात यायचं, असं ती मला म्हणाली.

शेवटी ती मिस्त्रींकडे गेली. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी काकांबरोबर उमेदीची वर्षं घालवली होती. गाडी बंद पाडा, असं तिनं सांगितलं. मिस्त्री आधी तयारच होईनात. जन्मभर बंद गाड्या चालू केल्या, तुझ्या बापाची चालू गाडी बंद करू म्हणतेस? पण शाळेच्या फाटकाचं ऐकल्यावर ते कबूल झाले. काका दुपारी झोपलेले असताना आले आणि पेट्रोल वर ओढणाऱ्या पंपाची वायर सोडवून, न दिसेल अशी आत खोचून गेले. जाताना त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. काका टाय लावून आले, बसले, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं. पुन्हा फिरवली. आवाज बारीक होत होत बॅटरी बसेपर्यंत ते फिरवत राहिले. मग दोन्ही हात स्टीयरिंगवर ठेवून बसून राहिले. ताई दाराआड उभी होती. आता चिडतील, आदळआपट करतील, असं तिला वाटत होतं. ते उतरले, हलक्या हातानं दार लावलं आणि चालत फाटकाबाहेर गेले. पाय मोकळे करायला गेले असतील, म्हणून ताई सुटकेचा निःश्वास टाकून कामावर गेली.

दुपारी तिला फोन आला तो चष्म्याच्या दुकानदाराचा. काका त्याच्या दुकानात येऊन कमरेत वाकून उभे होते आणि काही केल्या ताठ होत नव्हते. "गाडीत दोष आहे," ते म्हणत होते. "मी तुम्हाला चुकीची गाडी दिली. परत घ्यायला आलोय." दुकानदार परोपरीनं सांगत होता की त्याची गाडी उत्तम आहे, बाहेरच उभी आहे, एक दिवस तिनं त्रास दिलेला नाही. काका मान हलवायचे. तुम्ही चांगले आहात म्हणून असं बोलता, म्हणायचे.

त्यानंतर हे रोजचंच झालं. ज्या माणसाला सकाळी जेवलो का ते आठवत नव्हतं, त्याला जुन्या गिऱ्हाइकांची घरं बरोबर आठवायची. माझ्याही दारात ते आले. मी त्यांना धरून बसवलं, म्हटलं काका, माझी गाडी लाख मोलाची आहे, मी समाधानी आहे. सगळे हेच म्हणतात, ते म्हणाले, माझी लाज राखतात. आणि पुन्हा वाकले. चालून चालून त्यांच्या टाचा फुटल्या होत्या, मोज्यांना रक्त लागलेलं होतं. जेवण सुटलं. दार बंद ठेवलं तर ते दाराशीच उभे राहायचे, तासन्‌तास, कपाळ फळीला टेकून.

ताईनं मिस्त्रींना परत बोलावलं, वायर जोडून घेतली आणि बसलेली बॅटरी बदलून घेतली. गाडी चालू झालेली पाहिली की बाबांच्या जिवाला शांती मिळेल, एवढीच आशा. बापाला हाताला धरून तिनं खाली आणलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काकांनी मान तिरपी करून बराच वेळ इंजिन ऐकलं.

"आज चालली," ते म्हणाले. "उद्याचं काय?"

मिस्त्री तोंड फिरवून उभे राहिले. काका त्यानंतर गाडीत बसलेच नाहीत. तसं बघितलं तर डॉक्टरांना हवं होतं ते झालं होतं.

पावसाची भुरभुर असलेल्या एका दुपारी काकू न्हाणीघरात घसरल्या. पडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मी धावले तर त्या फरशीवर, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. नशिबानं ताई घरी होती. रुग्णवाहिकेला फोन केला, तर सगळ्या गाड्या बाहेर आहेत, वेळ लागेल असं सांगितलं. काकू दातावर दात आवळून कण्हत होत्या. ताई म्हणाली आपलीच गाडी काढू. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची दोन्हीकडून उचलून बाहेर आणली. माझी गाडी माझा नवरा घेऊन गेला होता, नाहीतर पुढचं घडलंच नसतं.

गाडीसमोर काका उभे होते, बॉनेटला पाठ लावून, दोन्ही हात पसरून. कुणालाही बसू देणार नाही, म्हणाले. विशेषतः हिला नाही.

ताईनं आधी समजावलं, मग हात धरून ओढलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हलेना. काकूंचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. मग ताई ओल्या जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, दोष गाडीत नाही. कधीच नव्हता. मी ती बंद पाडली होती. मिस्त्रीकाकांना सांगून मी वायर काढायला लावली."

"तू?"

"मी. तुम्ही कुणाला तरी मारलं असतंत. मला दुसरं काही सुचलं नाही."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. क्षणभर वाटलं की त्यांना पटलं. पण ते म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळ. विकली मी आहे. दोष माझ्या माथी."

ताईच्या तोंडून जो हुंदका निघाला तो मी विसरणार नाही. एवढं खरं सांगूनही ते खोटं ठरलं होतं.

तेवढ्यात खुर्चीतून काकू बोलल्या. आवाज खोल गेलेला, पण सूर नेहमीचाच, रोज भाजी कुठली आणायची ते सांगतानाचा.

"अहो, इकडे बघा. असू दे दोष. तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मी कुठं गॅरंटी मागितली होती? सरका. मला फार दुखतंय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांचे हात आपोआप खाली आले. ते बाजूला झाले, मागचं दार उघडलं, आणि गिऱ्हाइकाला बसवताना धरायचे तसा वरच्या कडेला हात धरला, डोकं आपटू नये म्हणून. काकूंना आत घेतल्यावर ते स्वतःही शेजारी शिरले. दवाखान्यापर्यंत डोळे मिटून, काकूंचा हात गच्च धरून बसले होते. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा श्वास अडकायचा, हे ताईला आरशात दिसत होतं.

काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या वॉकर धरून चालू लागल्या, पण घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. गाडी मिस्त्रींनी विकून दिली. काका झोपलेले असताना नवा मालक येऊन घेऊन गेला. तो खूश आहे, असं मिस्त्रींना मध्यंतरी त्यानं सांगितलं. ताईनं ते वडिलांना सांगितलं नाही.

गाडी कुठं गेली असं बाबा विचारतील, या धास्तीनं तिनं किती उत्तरं तयार करून ठेवली होती. दुरुस्तीला दिली, चोरीला गेली, कंपनीनं परत नेली. काका रोज सकाळी खिडकीशी येऊन त्या मोकळ्या जागेकडे बघायचे. जमिनीवर तेलाचा काळा डाग राहिला होता. त्यांनी एकदाही विचारलं नाही. पुढे त्यांनी टाय मागणंही सोडलं, आणि मग बोलणंच. विचारलं असतं तर बरं झालं असतं, ताई म्हणते. त्या डागावर आता दुसऱ्या कुणाची तरी स्कूटर उभी असते.